आधी श्वास सोडायला शिका: मुंबईत प्राणायाम सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्याकडे शिकायला येणारी माणसं पहिल्या दिवशी जवळजवळ सगळी सारखीच वागतात. ‘एक मोठा श्वास घ्या’ म्हटलं की छाती पुढे येते, खांदे कानांकडे जातात, पोट आत ओढलं जातं आणि मानेच्या शिरा ताठ होतात. मग तो श्वास धप्पकन सुटतो. मी म्हणते, आता घेऊ नका, फक्त सोडा. सावकाश, पोट रिकामं होईपर्यंत. तसं सोडून झालं की पुढचा श्वास न ओढता आपसूक आत येतो आणि पोट अलगद वर उचललं जातं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे नवल उमटतं, ते बघायला मला अजून आवडतं. परळमधल्या एका मंडळाच्या खोलीत मी अठरा वर्षं सकाळचा वर्ग घेते आहे. शिकवण्याचा क्रम या काळात पुष्कळदा बदलला, पण सुरुवात सोडण्यापासून करायची हे मात्र तसंच राहिलं.

प्राणायाम कधीच केलेला नाही, किंवा बागेत चारचौघांचं बघून केला आणि सोडून दिला, अशांसाठी हे लिहिते आहे. ‘प्राणशक्ती जागृत होते’ असं जे सगळीकडे ऐकू येतं त्याबद्दलही लिहीन, पण ते पुढे. आधी हाताशी आहे तो श्वास.

कुणी आधी डॉक्टरांशी बोलावं

रक्तदाब जास्त असेल, हृदयाचं दुखणं असेल, फिट येत असतील, काचबिंदू किंवा हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल, तर श्वास रोखून धरणं आणि कपालभातीत देतात तसे पोटाचे झटके देणं हे दोन्ही प्रकार तुमच्यासाठी नाहीत. गरोदर बाईनेही हे दोन्ही करू नयेत. पाळीच्या दिवसांत पोटाचे झटके टाळावेत. दम्याचा पंप घेत असाल तर तो चालू ठेवा आणि बसताना जवळ ठेवा. प्राणायाम सुरू केला म्हणून कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. पूर्वी कधी मानसिक आजार झाला असेल, भास होणं, झोप न येता दिवसच्या दिवस अंगात भलताच जोर येणं असं घडलं असेल, तर जोराच्या प्रकारांपासून लांब राहा आणि आपल्या डॉक्टरांना सांगूनच साधा श्वास सुरू करा. पहिल्या दिवशी मी हे सगळं प्रत्येकाला एकेकट्याने विचारते, कारण चारचौघांत माणसं सांगत नाहीत.

खाली सांगितलेला झोपून करायचा अभ्यास मात्र बहुतेक सगळ्यांना जमतो.

जागा, वेळ आणि आपली हवा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाच्या जागेचं वर्णन येतं: तिथे बसलं की उठावंसंच वाटू नये, अशी जागा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे हे कसं जमवायचं, असा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर असं की कोपरा ठरवा आणि तो बदलू नका. कपाट आणि खिडकीच्या मधली दोन फूट जागा पुरते. रोज तीच सतरंजी, तीच दिशा. महिन्याभरात त्या सतरंजीवर बसलं की श्वास आपणहून संथ व्हायला लागतो, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

वेळ म्हणाल तर पहाट उत्तम, पण आपल्याकडे पहाट नळाच्या पाण्याची असते. पाण्याची वेळ पाचची असेल तर साडेचारला उठून अर्धा कान मोरीकडे ठेवून बसू नका. पाणी भरून घ्या, पिंप झाका, मग बसा. मन मोकळं असलेली पंधरा मिनिटं ही घाईच्या पाऊण तासापेक्षा कामाची. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपून उठल्यावर बसावं. घड्याळात तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असले तरी तुमची सकाळ तीच. जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यायचे. चहा आधी नको, नंतर घ्या. चहाशिवाय डोळेच उघडत नाहीत असं असेल तर अर्धा कप घ्या आणि अर्ध्या तासाने बसा. पहिल्या महिन्यात मी यावर कुणाशी वाद घालत नाही.

हवेकडे मात्र लक्ष द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते. गाड्यांचा धूर आणि बांधकामांची धूळ तिच्यातच अडकते. उपनगरांतून निघताना सकाळी समोरची इमारत पुसट दिसते ते नुसतं धुकं नसतं. त्या दिवसांत रस्त्याकडची खिडकी उघडून, तिच्यासमोर बसून खोल श्वसन करणं चुकीचं आहे. ‘समीर’ हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अॅप आहे, त्यात आपल्या जवळच्या केंद्राचा आकडा दिसतो. तो २०० च्या वर गेला की हवा ‘खराब’ या गटात मोडते. अशा दिवशी आतल्या खोलीत बसा, शांत श्वसन आणि भ्रामरी (ओठ मिटून गुणगुणत श्वास सोडणं, ती पुढे सांगते) तेवढी करा. दुपारी खारा वारा सुटला की हवा थोडी मोकळी होते, तेव्हा जमत असेल तर तेव्हा बसा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. त्या भिंतीपासून सतरंजी लांब घाला आणि आठवड्यातून एकदा तिला ऊन मिळेल तेव्हा दाखवा. बुरशीचा वास येत असेल तिथे बसूच नये.

पहिले पंधरा दिवस झोपून

लादीवर चादर घालून उताणे झोपा. गुडघे मोडून पावलं जमिनीवर टेकवा, म्हणजे कंबर सैल होते. उजवा हात बेंबीवर, डावा छातीवर. तोंड बंद, पण दात एकमेकांवर आवळलेले नकोत. आता दहा-बारा श्वास नुसते बघा. कुठला हात हलतोय?

बऱ्याच जणांचा फक्त छातीवरचा हलतो. काहींचं तर उलटंच असतं, श्वास घेताना पोट आत जातं. वर्षानुवर्षं पोट आवळून उभं राहायची सवय असते, गर्दीत अंग चोरून उभं राहायची सवय असते, त्याचा हा परिणाम. छाती आणि पोटाच्या मध्ये घुमटासारखा एक पातळ स्नायू असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली सरकतो, खालच्या आतड्यांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. सोडताना तो वर जातो आणि पोट खाली बसतं. पोटात हवा जात नाही, हवा फुप्फुसांतच जाते. हे एकदा नीट समजलं की ‘पोटाने श्वास’ या शब्दांचा गोंधळ होत नाही.

बेंबीवर अर्धा किलो पोह्यांची पिशवी ठेवा. श्वास सोडताना ती हळूहळू खाली जाताना बघायची आणि घेताना वर येताना. वर ढकलायची नाही. आमच्या वर्गात लालबागचे एक काका येत, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केलेले. पहिल्या दिवशी पिशवी ठेवली तर ती जागची हलेना. चौथ्या दिवशी ती हलली तेव्हा ते झोपल्या झोपल्या मोठ्याने म्हणाले, “अहो ताई, ही तर होडीसारखी डुलते!” सगळा वर्ग उठून बघायला आला. त्यांनी पुढचे दोन महिने तेवढंच केलं, आणि मला विचाराल तर फार चांगलं केलं.

रोज दहा मिनिटं, सकाळ किंवा झोपण्याआधी. मोजायचं काहीच नाही. डोळा लागला तर लागू द्या, पहिल्या आठवड्यात बहुतेकांना लागतोच. एकदा घड्याळ लावून एका मिनिटात किती श्वास होतात ते मात्र वहीत लिहून ठेवा. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० होतात. महिन्याने परत मोजा. आकडा कमी करायचा म्हणून श्वास दाबून धरू नका; बरोबर चाललं असेल तर तो आपला आपण उतरतो.

बसणं

मांडी घालून बसताना बुडाखाली चार घड्या घातलेली चादर घ्या. गुडघे कमरेच्या खाली गेले पाहिजेत. ते वर राहत असतील तर आणखी एक घडी घ्या. पाठ सरळ, पण लष्करातल्यासारखी ताठ नको. गुडघेदुखी असेल तर खुर्ची घ्या, पावलं जमिनीवर टेकलेली, पाठ खुर्चीला न टेकता. खुर्चीवर बसण्यात काही कमीपणा नाही. पतंजलींनी प्राणायाम आसनानंतर सांगितला आहे आणि आसनाचं वर्णन ‘स्थिर आणि सुखाचं’ एवढंच केलं आहे. पायाला मुंग्या येत असताना श्वासाकडे लक्ष लागत नाही.

फुलवात

आता या लेखातला मला सगळ्यात प्रिय असलेला भाग. देवघरातली एक कोरडी फुलवात घ्या. डाव्या हाताच्या तळव्यावर उभी ठेवा आणि तळवा नाकपुड्यांखाली चार बोटं अंतरावर आणा. कापसाचे वरचे तंतू बघा. साधा श्वास सोडलात तर ते सगळे एकदम आडवे होतात. आता असा सोडा की ते नुसते थरथरतील. मग असा की फक्त टोकाचा एक तंतू हलेल. श्वास अडवायचा नाही, कमी घ्यायचा नाही, फक्त सोडण्याचा वेग उतरवायचा.

हे करताना तुम्हाला दिसेल की श्वास शेवटी शेवटी घसरतो. पहिला तीन चतुर्थांश भाग छान जातो आणि शेवटी घाई होते, कापूस एकदम आडवा पडतो. त्याचा अर्थ तुम्ही सोडणं लांबवलंत ते तुमच्या ताकदीपेक्षा जास्त. थोडं कमी करा. पुढचा श्वास घेताना हपापल्यासारखं झालं नाही, म्हणजे माप बरोबर. जुन्या ग्रंथांत बाहेर जाणारा श्वास बारा बोटांपर्यंत पोचतो असं सांगितलेलं आहे, आणि तो आखूड होत जाणं ही प्रगतीची खूण मानली आहे. ही खूण पैसे न देता, घरच्या घरी, कापसावर दिसते.

सोडणं लांब झालं की काय होतं? श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित उतरतात. मनगटावर नाडी धरून बसलात तर तुम्हालाही जाणवेल. सोडण्याचा काळ वाढवला की शरीराला विसाव्याकडे नेणारी मज्जासंस्था जास्त वेळ कामाला लागते. भांडून आलेला माणूस उसासे टाकतो ते याचसाठी, शरीराला हे उपजत ठाऊक आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते. ‘प्राणायामाने रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो’ असं सर्रास सांगतात. करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले, तुमच्याकडेही असेल. निरोगी माणसाने बोटाला लावलं की आकडा ९५ ते १०० च्या मध्ये येतो, काहीही न करता. भांडं आधीच भरलेलं आहे, त्यात आणखी किती ओतणार? फायदा आहे तो श्वासाची लय बदलण्यात, आणि मन त्या लयीला बांधलेलं असण्यात.

गाडीतही हे करता येतं, कापसाशिवाय. परळला चढून दांडीला हात लागला की दादर, माटुंगा, सायन, कुर्ल्यापर्यंत फक्त सोडणं सावकाश करा. रोखून धरणं प्रवासात अजिबात नको, उभ्याने तर नकोच. स्कूटर किंवा गाडी चालवताना श्वासाचा कुठलाच प्रयोग करू नका.

अनुलोम-विलोम

महिना झाला, पोट श्वासाबरोबर हलतंय, कापूस थरथरतोय, म्हणजे नाकपुड्या बदलायला हरकत नाही. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्यात मिटा. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डाव्या नाकपुडीवर. नाकाचं हाड संपतं तिथे, मऊ भागावर, नुसतं टेकवायचं. नाक चिमटीत धरायचं नाही.

१. दोन्ही नाकपुड्यांनी श्वास पूर्ण सोडा.
२. उजवी बंद करून डावीने घ्या, मनात चार मोजत.
३. डावी बंद करून उजवीने सोडा, चार मोजत.
४. उजवीनेच घ्या, चार.
५. उजवी बंद करून डावीने सोडा, चार. हे एक आवर्तन झालं.

पाच आवर्तनांपासून सुरू करा आणि आठवड्याला दोन-दोन वाढवा. चार-चार सहज झालं की सोडताना सहा मोजा, मग काही आठवड्यांनी आठ. घ्यायला चार, सोडायला आठ, हे प्रमाण जमलं की पहिले सहा महिने आणखी काही करायची गरज नाही. परंपरेत एकास चारास दोन असं प्रमाण सांगितलं आहे, म्हणजे चार मोजत घ्यायचा, सोळा मोजत रोखायचा, आठ मोजत सोडायचा. ते मोठं माप आहे. त्यातला रोखण्याचा भाग, म्हणजे कुंभक, आणि त्याच्याबरोबरचे मूलबंध, उड्डियान, जालंधर हे तीन बंध (ठरावीक जागचे स्नायू आवळून धरणं) समोर बसलेल्या शिक्षकाकडूनच शिकावेत. व्हिडिओ बघून शिकू नयेत, कारण व्हिडिओला तुमचा चेहरा लाल झालेला दिसत नाही.

एक नाकपुडी चोंदलेली वाटली तर घाबरू नका. दिवसभर काही तासांनी नाकपुड्या आळीपाळीने मोकळ्या होतच असतात. पूर्वीच्यांनी यावरच अख्खं स्वरशास्त्र उभं केलं. डावी ती इडा नाडी, म्हणजे प्राणाची वाट, चंद्राची, गार. उजवी ती पिंगला, सूर्याची, उष्ण. दोन्ही सम चालतात तेव्हा मधली सुषुम्ना उघडते असं ते मानत. सर्दी असेल तर मात्र सुट्टी घ्या. बंद नाकातून जोराने श्वास ओढला की कान दुखतो.

भ्रामरी, आपल्या शहरासाठी

दोन्ही अंगठ्यांनी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा आत दाबून कान बंद करा, बाकीची बोटं डोक्यावर. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना ओठ मिटून म्म्म असा आवाज करा, जात्याच्या घरघरीसारखा खालच्या सुरात. दात अलग ठेवलेत तर कंप कवटीत पोचतो. पाच ते सात वेळा. मग हात खाली घेऊन तसेच बसा आणि ऐका.

खाली रिक्षाचा हॉर्न असतो, शेजारी मिक्सर चालू असतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवत असतं. भ्रामरीनंतर हे सगळे आवाज ऐकू येतात, पण ते तुमच्याशी बोलत नाहीत. हे मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. माझी सासू शेवटच्या आजारपणात रात्र रात्र जागी असायची, तेव्हा मी तिच्या उशाशी बसून भ्रामरी करायचे आणि ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो कंप घ्यायची. स्वतः करायची ताकद तिच्यात नव्हती. सात-आठ आवर्तनांत तिचा हात जड व्हायचा, म्हणजे झोप लागलेली असायची.

शेजाऱ्यांना आवाज जाईल असा संकोच वाटत असेल तर उशीत तोंड खुपसू नका, फक्त सूर खाली आणा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात शीतलीही करता येते: जिभेची नळी करून तिच्यातून श्वास घ्यायचा आणि नाकाने सोडायचा. जिभेची नळी होत नसेल तर दातांच्या फटीतून घ्या, ती सीत्कारी. पण यात हवा नाकातून गाळली जात नाही, तेव्हा धुळीच्या जागी नको, आणि पावसाळ्यात, थंडीत किंवा दमा असताना नकोच.

कपालभाती आणि भस्त्रिका: माझी चूक

कपालभाती हा मुळात प्राणायाम नाही, ती षट्कर्मांतली, म्हणजे शरीर साफ करायच्या सहा क्रियांतली, शुद्धिक्रिया आहे. पोट झटक्याने आत मारून श्वास बाहेर टाकायचा आणि आत येणारा आपोआप येऊ द्यायचा. दोन महिन्यांनंतर, वरच्या यादीतलं कुठलंही दुखणं नसेल तर, सेकंदाला एक या गतीने वीस-पंचवीस झटके, मग थांबून साधा श्वास, असं दोनदा करा. खांदे हलता कामा नयेत, चेहरा वाकडा होता कामा नये. सकाळी बागेत पाचशे-हजार मोजत बसलेली माणसं दिसतात. मला ते बघवत नाही. पन्नाशीच्या पुढची, रक्तदाबाची गोळी घेतलेली माणसंही त्यात असतात.

भस्त्रिकेत घेणं आणि सोडणं दोन्ही जोराने असतं. चोविसाव्या वर्षी कुणीतरी मला सांगितलं की भस्त्रिकेने कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली मानतात ती शक्ती, लवकर जागी होते. आमच्या चाळीच्या गच्चीवर, टाकीच्या मागे बसून मी एका सकाळी थांबायचं नावच घेतलं नाही. आधी ओठ बधिर झाले. मग बोटांना झिणझिण्या आल्या आणि हाताची बोटं आपोआप जवळ येऊन चोचीसारखी घट्ट आवळली, उघडता उघडेनात. डोळ्यांपुढे चांदण्या दिसल्या. मला वाटलं, झालं, शक्ती जागी झाली. मी आनंदाने रडले.

जागं काही झालं नव्हतं. भराभर श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार खाली जातो. त्यामुळे रक्ताचा आम्लपणा कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्तातल्या कॅल्शियमचं गणित तात्पुरतं बिघडतं, म्हणून नसा चाळवतात आणि हात आवळले जातात. घराजवळच्या डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा मला आधी राग आला आणि मग दोन वर्षं मी प्राणायामाकडे फिरकलेच नाही. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे इतकं उघड सांगते आहे. झिणझिण्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं, की थांबा. आडवे व्हा, तोंड मिटून नाकाने साधा श्वास चालू द्या. काही मिनिटांत उतरतं. छातीत दुखलं किंवा पाच-दहा मिनिटांत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जा.

मग प्राण जागा होतो म्हणजे काय?

परंपरेत प्राण म्हणजे नुसती हवा नव्हे. श्वास हे त्याचं एक दिसणारं रूप. शरीरात तो पाच प्रकारे काम करतो असं सांगतात: छातीत प्राण, बेंबीखाली अपान, अन्न पचवणारा समान, कंठातला उदान आणि सर्वांगात फिरणारा व्यान. वर जाणारा प्राण आणि खाली जाणारा अपान यांना बंधांच्या मदतीने एकत्र आणलं की मूलाधाराशी, म्हणजे कण्याच्या तळाशी, साडेतीन वेढे घालून झोपलेली कुंडलिनी जागी होऊन सुषुम्नेतून वर चढते, अशी हठयोगाची मांडणी आहे. ज्ञानेश्वर महाराज नाथपंथाच्या परंपरेतले, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून त्यांना ही विद्या आली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला त्यांनी ती मराठीत उघड केली. कुंकवाने न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलेलं असावं, अशी कुंडलिनीची प्रतिमा त्यांनी सहाव्या अध्यायात दिली. मी त्या ओव्या वर्षातून एकदा तरी वर्गात मोठ्याने वाचते. एवढं कोवळं रूप दिलं आहे तिला. त्या पिल्लाला लाथ मारून उठवायचं कुणाच्या मनात येईल?

हे सगळं यंत्राने मोजता येतं असं मी म्हणणार नाही; सुषुम्ना शवविच्छेदनात सापडत नाही. पण अभ्यासाने माणूस बदलतो हे मी रोज बघते, आणि त्या बदलाला माझ्या आजीपणजीच्या भाषेतला शब्द प्राण हाच आहे.

नवख्याला पहिल्या काही महिन्यांत काय काय होतं ते सांगते. जांभया खूप येतात. डोळ्यांतून पाणी येतं. तळवे उबदार होतात. कधी पाठीतून शिरशिरी जाते, कधी एखादा स्नायू फडफडतो. एखाद्याला अचानक रडू येतं, आणि का ते कळत नाही. याला ‘जागृती’ म्हणून मिरवू नका आणि घाबरूही नका. बघा आणि पुढचा श्वास सोडा. मी ज्याला खरी खूण मानते ती वेगळी. झोप शांत लागते. भूक वेळेवर लागते. गाडी चुकली तर पूर्वीसारखी चिडचिड होत नाही. घरच्यांना ती तुमच्या आधी कळते.

याउलट झोप उडाली, विचारांचा वेग आवरेना, अंगात भलतीच आग होऊ लागली, कानात कुणी बोलल्यासारखं वाटलं, आपल्याला काही विशेष अधिकार मिळाला आहे असं वाटू लागलं, तर अभ्यास त्याच दिवशी बंद. पोटभर साधं जेवण, भात-वरण, तूप. अनवाणी चालणं, घरची कामं, माणसांत राहणं. आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. शिक्षकाने तुम्हाला त्यापासून रोखलं तर शिक्षक बदला.

कुणाकडे शिकावं

मुंबईसारखं नशीब फार थोड्या शहरांचं आहे. नर्मदाकाठच्या मालसर गावच्या परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य इकडे आले. योगेंद्रजींनी १९१८ साली वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. उड्डियान आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना शरीरात काय घडतं ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकं लावून तपासलं. त्यांची मरीन ड्राइव्हची शाखा चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाण्यासारखी आहे. ठाण्याच्या अंबिका योग कुटीरचे निकम गुरुजींच्या परंपरेतले वर्ग ठिकठिकाणच्या शाळांतून भरतात. कुंडलिनीची ओढ असलेले बरेच जण भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीला नित्यानंद महाराजांच्या समाधीला जाऊन बसतात. शक्तिपाताचा मार्ग निराळा आहे, तिथे गुरूच्या कृपेने आरंभ होतो असं मानतात, त्यावर मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण समाधीमंदिरात अर्धा तास शांत बसायला कुठलाही अधिकार लागत नाही.

‘तीन दिवसांत कुंडलिनी जागरण’ असं लिहून हजारो रुपये मागणाऱ्यांकडे जाऊ नका. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी तुमचे आजार विचारतो, तुमचा श्वास बघतो, आणि तुम्ही मागितलं त्याच्यापेक्षा कमी देतो. एक-दोन तास नुसते बसून बघायची परवानगी मागा. वर्गातली जुनी माणसं कशी बोलतात, कशी हसतात ते बघा.

खंड पडला तर काय, हे शेवटचं. लग्नसराई, आजारपण, परीक्षा, खंड पडणारच. पूर्वी होतो तिथूनच सुरू करायचं नाही. आमची खोली मंडळाची असल्यामुळे गणपतीत वर्ग बंदच असतो. अनंत चतुर्दशीनंतर सगळे परत येतात तेव्हा कुणाचा घसा बसलेला असतो, कुणाची झोप राहिलेली असते, सगळ्यांच्या अंगात मोदक असतात. त्या सकाळी मी कुणालाच बसवत नाही. सगळ्यांना चादरी घालून उताणं झोपायला सांगते, गुडघे मोडून, उजवा हात बेंबीवर. दोन दिवस तेवढंच. तिसऱ्या दिवशी अनुलोम-विलोमची निम्मी आवर्तनं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा फुलवात.